उगमाकडील मुक्काम

शेतकऱ्यानें पैसे मोजून रानांतल्या खोपींत जाऊन निजावें, असें कोणी सुचविलें तर आपल्या पुष्कळ वाचकांस हसूं येईल, व तें येणें स्वाभाविकच आहे. ज्यानें जोंधळ्याची राखण करीत माळ्यावर रात्री काढल्या, पाटाच्या रात्रपाळीस दारें धरतांना बांधावरच घोंगडी अंथरली, आणि उसांत बिबट्या आल्याच्या बातमीनें गोठ्यापुढें जागरण केलें, त्यास रानांतल्या मुक्कामाची अपूर्वाई ती कसली? शहरवासीयांनीं सुटींत डोंगर, अरण्य व तळें पाहण्यास जावें, लाकडी खोलींत किंवा तंबूंत दोन रात्री राहावें, आणि परत आल्यावर आठ दिवस त्याच गोष्टी सांगाव्या, हा त्यांचा शोक झाला. आपला त्याशीं संबंध काय, असें आपण समजत आलों आहों.

गेल्या हिवाळ्यापर्यंत मीही असेंच समजत होतों. आतां माझें मत निराळें झालें आहे. तें थोडक्यांत असें कीं, ज्याचें पीक पाटाच्या पाण्यावर उभें आहे अशा प्रत्येक शेतकऱ्यानें निदान एकदां तरी आपल्या पाण्याच्या उगमाजवळ सहकुटुंब तीन रात्रींचा मुक्काम करावा. तो मुक्काम तेथल्याच शेतकऱ्याच्या घरीं किंवा त्यानें बांधलेल्या खोपींत करावा. आणि त्याचा बेत पेरणीच्या बेताइतकाच आधीं व विचारपूर्वक आंखावा. हें मत कसें बनलें तें पुढें सांगतों.

माझी जमीन प्रवरेच्या उजव्या कालव्यावर आहे, व आजोबांच्या वेळेपासून आमच्या घरीं ऊस आहे. "धरणांत पाणी किती आहे?" हा प्रश्न मीं आयुष्यांत किती वेळां विचारला असेल त्याची गणती नाहीं. परंतु तें धरण, त्यामागचें सरोवर, आणि त्या सरोवरांत पाणी आणणारे डोंगर हे वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत माझ्या दृष्टीस पडले नव्हते. काशी झाली, रामेश्वर झालें, तिरुपतीस दोनदां जाऊन आलों; पण ज्या पाण्यानें त्या यात्रांचा खर्च चालविला त्याचा उगम पाहण्याची बुद्धि झाली नाहीं. हें लिहितांना संकोच वाटतो. तथापि आपल्या सभासदांपैकीं अनेकांची स्थिति अशीच असावी असा माझा अंदाज आहे.

भंडारदऱ्याच्या धरणाचा इतिहास येथें विस्तारानें सांगण्याचें कारण नाहीं. दुष्काळानें वारंवार होरपळणाऱ्या अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्यास पाणी मिळावें म्हणून १९१० सालीं त्याच्या बांधकामास आरंभ झाला. १९२६ सालीं तें पुरें झालें, व मुंबई इलाख्याचे तेव्हांचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचें नांव त्यास देण्यांत आलें. दगडी बांधणीच्या या धरणाची उंची सुमारें २७० फूट असून मागील सरोवरांत सुमारें ११ अब्ज घनफूट पाणी मावतें. तें पाणी नदीपात्रानें ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत उतरतें, आणि तेथून डावा व उजवा असे दोन कालवे आपल्या शेतांकडे निघतात. या पाण्याच्या बळावर आपल्या भागांत ऊस वाढला, व १९५० सालीं लोणीस शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. सह्याद्रीच्या कड्यावरील घाटघरास वर्षाकांठीं पांच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. राहुरीकडे तोच पांचशेंच्या आसपास येऊन थांबतो. पाऊस तेथें पडतो व पीक येथें येतें, हा आपल्या शेतीचा सगळा पाया आहे. ज्यावर आपलें घर उभें आहे तो पाया एकदां डोळ्यांनीं पाहावा, यांत शोकापेक्षां कर्तव्याचा भाग अधिक आहे.

पहिली रात्र

गेल्या मार्गशीर्षांत मी, घरची मंडळी, मुलगा, सून व नऊ वर्षांचा नातू असे पांच जण निघालों. मुलानें मोबाइलवरील चित्रें पाहून तळ्याकांठची एक जागा आधींच पैसे भरून ठरविली होती. चित्रांत एक लाकडी खोली, तिच्यापुढें पाणी व मागें डोंगर दिसत होता. तेथें पोंचल्यावर कळलें कीं, लाकडी खोली एकच असून ती दुसऱ्यांस दिलेली आहे. आमच्या वाट्यास दोन तंबू आले. पाण्यापासून थोड्याच पावलांवर अशा तंबूंची रांगच लागलेली होती. पलीकडे शौचकूप खणला होता, आणि त्याचा उतार सरळ सरोवराकडे होता. रात्रीं उशिरापर्यंत ध्वनिवर्धकावर गाणीं चाललीं. कोठें वाद्यें, कोठें आरडाओरडा. सकाळीं पाण्याच्या कडेस बाटल्या, पत्रावळी व कागदी पेले तरंगतांना दिसले. नातवानें विचारलें, "आजोबा, हेंच पाणी आपल्या पाटाला येतें का?" त्यास काय उत्तर द्यावें तें मला सुचलें नाहीं.

त्याच सकाळीं आम्ही ती जागा सोडली. शेंडी गांवांतील एका चहावाल्यानें रतनवाडीच्या वाटेवरील एका महादेव कोळी शेतकऱ्याचें घर सांगितलें. त्या वृद्ध गृहस्थानें घराच्या मागें पाहुण्यांसाठीं दोन खोल्या बांधल्या आहेत. भिंती कारवीच्या कुडाच्या, शेणामातीनें सारवलेल्या, वर कौलें, पुढें पडवी, अंगणाच्या कडेस न्हाणीघर व शौचालय, आणि तेंही पाण्यापासून चांगलें लांब, वरच्या अंगास. जेवणास नागलीची भाकरी, घरचा भात, हुलग्याचें पिठलें आणि खुरासणीची चटणी. आम्ही तेथें दोन रात्री राहिलों, आणि सर्व सहलींत लक्षांत राहण्यासारखें जें घडलें तें त्या पडवींतच घडलें.

पहिल्याच संध्याकाळीं मीं सहज विचारलें, "बाबा, तळें दारांत आहे. मग दुसरें पीक कां घेत नाहीं?"

म्हातारबाबा शांतपणें म्हणाले, "पाटील, तळं दारात आहे खरं, पण पाणी खाली उतरतं, वर चढत नाही. आमचं भात देवाच्या पाण्यावर. वैशाखात बायांना हंडा घेऊन खाली तळ्यापोतर जावं लागतं."

यांत राग नव्हता, टोमणाही नव्हता. त्यांनीं शेताची जशी हकीकत सांगावी तशी ती सांगितली. मी मात्र कांहीं वेळ बोलूं शकलों नाहीं. पाळी दोन दिवस लांबली तर आपण कालव्याच्या कचेरीवर मोर्चा नेतों. आणि ज्यांच्या डोंगरावरून तें पाणी आलें त्यांच्या घरीं उन्हाळ्यांत पिण्याच्या पाण्याची ओढ! पुढें बोलण्यांत समजलें कीं, त्यांचे दोन्ही मुलगे भात निघाल्यावर नारायणगांवच्या बाजूस भाजीपाल्याच्या मळ्यांत मजुरीस जात असत. खोल्या बांधल्यापासून थोरला हिवाळाभर घरीं राहूं लागला आहे. दोन खोल्यांनीं एका कुटुंबाची निम्मी पायपीट थांबविली.

मुक्काम शेतकऱ्याच्याच घरीं कां?

यावरून माझें दुसरें म्हणणें निघतें. डोंगर, अरण्य व तळें पाहावयाचें तर मुक्काम तेथल्या शेतकऱ्याकडेच करावा. याचीं कारणें तीन आहेत.

पहिलें कारण पैशाचें. आपण रात्रीच्या निवाऱ्यास व जेवणास जें मोजतों तें त्या गांवांतच राहतें, व त्यांतून पुढील हंगामाचें बी-खत उभें राहतें. आदिवासी शेतकऱ्याची जमीन बिगर-आदिवासीकडे जाऊं नये म्हणून कायद्याचा बांध आहे. परंतु धंद्याच्या नफ्यास तसा बांध नाहीं. जागा स्थानिकाची, राबणारे हात स्थानिकाचे आणि गल्ला शहरांत, अशी स्थिति होण्यास वेळ लागत नाहीं. सर्वच तंबू बाहेरच्यांचे आहेत असें मात्र नाहीं, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. पुष्कळ ठिकाणीं गांवचेच तरुण ते लावतात, आणि त्यांना तो रोजगार हवाच आहे. त्यांचा धंदा मोडावा असें मी म्हणत नाहीं. निवारा पाण्यापासून दूर असावा, मैल्याची सोय नीट असावी व रात्रीं शांतता असावी, इतकें जर प्रत्येक गिऱ्हाईक आधीं विचारूं लागलें, तर कोणत्याही सरकारी हुकुमाहून लौकर सुधारणा होईल.

दुसरें कारण पाण्याचें. खालच्या शेतकऱ्यास धरणाच्या पातळीची जेवढी काळजी असते तेवढी त्याच्या स्वच्छतेची नसते. पण नदीकांठच्या किती तरी गांवांस पिण्याचें पाणीही याच प्रवरेचें आहे. वर जें टाकलें जातें तें खालीं येणारच. पाणलोटांतील झाडी तुटली तर उतारावरची माती सुटून तळ्यांत बसते, आणि साठ्यांत जेवढी माती शिरते तेवढें पाणी कमी होतें, हें कोणाही शेतकऱ्यास शिकविण्याची गरज नाहीं. १९८६ सालीं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य घोषित झालें. सुमारें ३६० चौरस किलोमीटरांच्या त्या टापूंत शेकरू झाडांवर हिंडतांना आढळतो, एवढेंच त्याचें महत्त्व नव्हे. त्या रानाच्या मुळांनीं धरलेली माती आपल्या तळ्यांत येत नाहीं, हेंही त्याचें महत्त्व आहे.

तिसरें कारण विद्येचें. म्हातारबाबांनीं मला आपल्या भाताच्या खाचरांत फिरविलें. राब भाजण्याची त्यांची रीत, वरच्या वरकस जमिनींत नागली व वरई यांची फेरपालट, मडक्यांत राखेंत घालून ठेवलेलें बियाणें, हें सारें मीं प्रथमच जवळून पाहिलें. याच अकोले तालुक्यांतील कोंभाळणें गांवच्या राहीबाई पोपेरे यांनीं गांवरान वाणांचें बी जतन करून बियाण्यांची बँक उभी केली, व त्याबद्दल २०२० सालीं त्यांस पद्मश्री मिळाली, हें वाचकांस ठाऊक असेलच. आपण मात्र दर हंगामास पुडीचें बी विकत आणतों. ज्यांनीं बी राखलें त्यांच्या पडवींत बसून दोन गोष्टी ऐकणें हें कोणत्याही कृषिप्रदर्शनापेक्षां कमी शिकविणारें नाहीं. तळ्याकांठच्या तंबूंत हें कोण सांगणार?

बेत कसा आंखावा?

आतां बेताविषयीं. चांगल्या सहलीची निम्मी सिद्धि ती निघण्यापूर्वींच होत असते. आमची पहिली रात्र वाया गेली ती केवळ आधीं विचारपूस न केल्यामुळें.

प्रथम वेळ. मेअखेरपासून जूनच्या मध्यापर्यंत, पाऊस सुरू होण्याच्या सुमारास, त्या रानांत काजवे निघतात. सादडा, हिरडा, जांभूळ या झाडांवर ते हजारोंनीं लकाकतात, आणि तें पाहण्यास त्या दिवसांत मोठी गर्दी लोटते. शेतकऱ्यानें या दिवसांत जाऊं नये असें माझें मत आहे. एक तर तो पेरणीपूर्व मशागतीचा काळ. दुसरें असें कीं, काजव्याचा प्रकाश ही त्याची जोडीदारास दिलेली खूण आहे. मोटारींच्या व विजेऱ्यांच्या उजेडांत ती खूण हरवते. त्याचीं अंडीं ओलसर मातींत असतात व त्यांतून निघणाऱ्या अळ्या गोगलगायींवर जगतात; तीच माती शेंकडों पायांखालीं तुडविली जाते. या गर्दीमुळें वनखात्यास निर्बंधही घालावे लागले आहेत. आषाढ-श्रावणांत धबधबे भरून वाहतात खरे, पण त्या पावसांत घराबाहेर पडणें कठीण. आणि यजमानाच्या घरीं तो भातलावणीचा ऐन हंगाम असतो. लावणीच्या दिवसांत शेतकऱ्याच्या घरीं पाहुणा म्हणून जाणें आपणांस तरी शोभणार नाहीं.

आपल्या भागांतील शेतकऱ्यास सर्वांत सोयीचा काळ मार्गशीर्ष-पौषाचा. गव्हास मुकुटमुळें फुटतांना, म्हणजे पेरणीपासून सुमारें २१ व्या दिवशीं, पहिलें पाणी द्यावें, व कांडी धरण्याच्या वेळचें दुसरें पाणी येईपर्यंत जे अडीच-तीन आठवडे मिळतात त्यांतील चार दिवस काढावे. त्या वेळीं वरच्या बाजूस भाताची झोडणी आटोपलेली असते, सरोवर बहुतेक भरलेलें असतें, आकाश निरभ्र असतें आणि वाटा कोरड्या असतात. थंडी मात्र कडक असते. प्रत्येकास घोंगडी, कानटोपी व अंगभर लोकरी कपडा हवाच.

दुसरी गोष्ट निवाऱ्याची. चित्रावर भिस्त ठेवूं नये. यजमानाशीं स्वतः बोलून पुढील प्रश्न स्पष्ट विचारावे: खोल्या कोणाच्या मालकीच्या? पाण्यापासून किती अंतरावर? छप्पर कसलें? शौचालय कोठें? जेवण कोण रांधणार? किती माणसें एका वेळीं ठेवतां? आणि भाडें काय, तें सर्व मिळून कीं माणशीं? राज्य सरकारनें २०२० सालीं कृषि पर्यटनाचें धोरण मंजूर केलें असून त्याखालीं शेतकऱ्यास पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करतां येते. तशी नोंदणी आहे कीं नाहीं हेंही विचारावें. नोंदणी नसली म्हणून माणूस वाईट ठरत नाहीं. पण विचारणारे वाढले तर नोंदणी करणारेही वाढतील.

तिसरी गोष्ट वाटेची व दिवसांच्या वांटणीची. आपल्याकडून संगमनेर, अकोले, राजूर व शेंडी असा सरळ मार्ग आहे. नाशिक-मुंबईकडून येणारांनीं घोटीवरून बारीमार्गें यावें. पहिल्या दिवशीं दुपारपर्यंत पोंचून धरण पाहावें. रंधा धबधबा जवळच आहे, परंतु पावसाळा सरल्यावर धरणांतून पाणी सोडलेलें असेल तरच तो पाहण्यासारखा असतो; तेव्हां आवर्तनाची चौकशी घरूनच करून निघावें. ती आपणांस नेहमींचीच आहे. दुसऱ्या दिवशीं पहांटे अंधार असतांनाच निघून बारी गांवाकडून कळसूबाईवर चढावें. उंची १,६४६ मीटर, महाराष्ट्रांत याहून उंच शिखर नाहीं. कठीण जागीं लोखंडी शिड्या आहेत. तरी वर जाण्यास तीन-चार तास धरावे, व ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनीं पायथ्याशींच देवीस हात जोडावे. मी स्वतः तिसऱ्या शिडीपाशीं बसलों, नातू वर जाऊन आला. यांत मला कमीपणा वाटला नाहीं. तिसऱ्या दिवशीं रतनवाडीचें अमृतेश्वराचें प्राचीन देऊळ व त्याच्या मागील रतनगड पाहावा, कारण प्रवरेचा उगम त्याच डोंगरांत आहे; आणि वेळ राहिल्यास घाटघरास जाऊन कोंकणकडा पाहावा. तेथें उभें राहिल्यावर समुद्राकडून आलेला ढग प्रथम कोठें अडतो, आणि एकाच धारेचें पाणी इकडे पूर्वेस व तिकडे पश्चिमेस कसें फुटतें, हें पुस्तकाविना कळतें. चौथा दिवस परतीचा. त्या वाटेवर वेळ काढून कोंभाळण्यास जाण्यासारखें आहे.

चौथी गोष्ट सामानाची. मोबाइल तेथें ठिकठिकाणीं लागत नाहीं, म्हणून हातीं रोख पैसे असावे व परतण्याचा दिवस घरीं सांगून ठेवावा. नेहमींचीं औषधें, बूट, विजेरी, काठी, पिण्याच्या पाण्याचीं भांडीं, आणि एक रिकामी गोणी. या गोणीचें महत्त्व सर्वांत अधिक: आपला केर तींत भरून आपल्या गांवीं परत आणावा. रानांत विस्तव पेटवूं नये, अंधारांत अनवाणी हिंडूं नये, सरोवरांत अनोळखी जागीं उतरूं नये. वस्तु न्यावयाची तर यजमानासाठीं आपल्याकडचा गूळ न्यावा. त्यांच्याच पाण्याचा तो गोडवा आहे.

आक्षेप

कित्येक म्हणतील, शेतकऱ्यास सुटी कोठली? गुरें सोडून, दूध सोडून चार दिवस जावें कसें? आक्षेप खरा आहे, पण त्याचें उत्तर आपल्याच जुन्या रीतींत आहे. आपले वाडवडील सावड करीत: आज तुझ्या शेतांत मी, उद्यां माझ्या शेतांत तूं. तीच सावड गोठ्यास लावावी. आमच्या शेजाऱ्यानें चार दिवस धारा काढल्या; पंधरा दिवसांनीं तो गेला तेव्हां त्याच्या म्हशी मीं पाहिल्या. लग्नकार्यास व यात्रेस आपण गुरें कोणावर तरी सोंपवितोंच. आणखी एक बाब अशी कीं, घरांतील बायकांस सुटी हा शब्दच ठाऊक नसतो. आमच्या घरच्या मंडळींनीं तीस वर्षांत प्रथमच दुसऱ्यानें केलेली भाकरी दोन दिवस बसून खाल्ली. एवढ्याच कारणासाठीं जरी कोणी ही सहल केली तरी ती फुकट गेली असें मी म्हणणार नाहीं.

दुसरा आक्षेप खर्चाचा. पांच माणसांचा तीन रात्रींचा खर्च आम्हांस आला तो एका साध्या बारशाच्या जेवणावळीपेक्षां कमीच होता. ऋण काढून सण करूं नये तसें ऋण काढून सहलही करूं नये. पण दोन वर्षांतून एकदां ऊसबिलांतून थोडी रक्कम बाजूस काढणें आपल्यापैकीं बहुतेकांस अशक्य नाहीं.

तिसरा आक्षेप माझ्या एका मित्रानें काढला: "वरच्यांची अडचण पाहून तूं काय करणार? पाणी तर खालींच येणार." पाणी खालीं येणार हें खरें. पण परत आल्यावर मीं एक गोष्ट केली. ठिबकाच्या अनुदानाची माहिती मी तीन वर्षें वाचीत होतों व दर वर्षीं पुढें ढकलीत होतों. या वर्षीं आडसालीच्या दोन एकरांस तें बसविलें. मोकाट पाणी सोडतांना आतां हात अडखळतो, कारण वैशाखांतला तो हंडा डोळ्यांपुढें येतो. व्याख्यानांनीं जें तीन वर्षांत झालें नाहीं तें दोन रात्रींनीं केलें.

शेवटीं आपल्या संस्थेस एक सूचना. ज्या ज्या धरणांचें पाणी आपले सभासद वापरतात त्यांच्या वरच्या अंगास राहणाऱ्या, व पाहुण्यांसाठीं स्वच्छ खोली ठेवणाऱ्या शेतकऱ्यांची एक यादी तयार करावी, आणि सभासदांस ती कचेरींत पाहावयास मिळावी. मुळेवर शेती करणाऱ्यांनीं हरिश्चंद्रगडाकडे, गोदावरीवर करणाऱ्यांनीं त्र्यंबकाकडे, असें आपापल्या उगमाकडे जावें. आणि त्या शेतकऱ्यांसही आपण उलट बोलावणें धाडावें. म्हातारबाबांस मीं तसें बोलावणें केलें आहे. आपल्या डोंगराचें पाणी कोठवर जातें व त्याचें काय होतें, हें त्यांनींही अजून पाहिलेलें नाहीं. चैत्रांत ते येणार आहेत. ते उसाच्या बांधावर उभे राहतील तेव्हां त्यांस दाखवितांना लाज वाटूं नये इतकें तरी पाणी आपण जपून वापरलेलें असावें, एवढीच माझी इच्छा आहे.